विश्लेषण : कॅराव्हॅन दारात आली, पण पालघरच्या धरणाकाठी ती रात्री उभी कुठे करायची?

वाळवंट, मध्ये निळेशार तळे, काठावर एक पांढरी मोठी गाडी. मागचे दार उघडे, आत चहा उकळतो आहे. अशी एखादी चित्रफीत मोबाइलवर पाहिली नसेल असा माणूस आता विरळाच. त्या पाहून वसई, बोईसर, ठाण्याकडची कुटुंबेही सुट्टीत भाड्याची कॅराव्हॅन घेऊन ‘जवळच कुठेतरी पाण्याकाठी’ जाण्याचे बेत आखू लागली आहेत. पालघर जिल्ह्यात वाळवंट नाही. पण पाणी आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण बोईसरहून गाडीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. जव्हारकडे वळले तर डोंगर, धबधबे आणि छोटी धरणेही आहेत.

गाडी मिळते, चालक परवाना पुरतो आणि राज्याचे धोरणही या पर्यटनाच्या बाजूने आहे. अडते ते रात्री दहा वाजता, इंजिन बंद करण्याच्या जागेवर. ती जागा कोणाची, तिथे वीज आहे का आणि सकाळी टाकीत जमलेले सांडपाणी कुठे सोडायचे, याची उत्तरे भाड्याच्या पावतीवर नसतात. बेत आखताना बहुतेक जण गाडीपासून सुरुवात करतात. ती मुक्कामापासून करावी लागते, कारण पालघरमध्ये काठावरची मोकळी दिसणारी जमीन बहुधा मोकळी नसते.

कायद्याच्या नजरेत ही गाडी म्हणजे काय?

मोटार वाहन कायद्याखाली २००४ मध्ये निघालेल्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराची ‘कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर’ ही बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे स्वतःसाठी घेतलेली अशी गाडी पांढऱ्या पाटीवर चालते. भाड्याने देण्यासाठी मात्र तिची नोंदणी वाहतूक वाहन म्हणून लागते. चालकासह येणाऱ्या गाडीला पिवळी पाटी असते आणि स्वतः चालवण्यासाठी परवानाधारक कंपनी देते त्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. समाजमाध्यमावर ओळखीतून ‘मित्राची गाडी आहे, दिवसाचे इतके द्या’ असा सौदा होतो, तेव्हा पाटी पांढरी असते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला तेवढे कारण पुरते. गाडीपेक्षा आधी पाटीचा फोटो मागवावा.

दुसरा प्रश्न बदलांचा. जुनी मालवाहू किंवा प्रवासी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये तिच्यात पलंग, ओटा, शौचालय बसवून घेणारे बरेच आहेत. कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाला छेद देणारे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर कडक भूमिका घेतली. कारखान्यातून किंवा मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून तयार होणाऱ्या कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे वेगळे मानक आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे, हे पाहायला मिनिटभरही लागत नाही.

परवान्याची चिंता मात्र कमी झाली आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरच्या वर्गातील सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांचे एकूण वजन ७,५०० किलोच्या आत राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला या वजनापर्यंतचे वाहतूक वाहनही चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. चालवता येणे आणि सवय असणे यात मात्र फरक आहे. गाडी साधारण तीन मीटर उंच असते. गावातल्या रस्त्यावर झुकलेली आंब्याची फांदी, लोंबती वीजवाहिनी, रेल्वेखालच्या बोगद्याआधीची उंचीची लोखंडी कमान या गोष्टी हॅचबॅकच्या चालकाला कधी दिसलेल्याच नसतात.

राज्याचे धोरण काय सांगते?

महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आणले. त्याचे दोन भाग आहेत : एक कॅराव्हॅन, दुसरा कॅराव्हॅन पार्क. पार्क म्हणजे रस्ता, पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि गाड्या लावण्यासाठी आखलेल्या जागा असलेले आवार. ते खासगी जमिनीवर उभारता येते, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या मोकळ्या जागेतही. गाड्या आणि पार्क या दोन्हींनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, त्याबदल्यात मुद्रांक शुल्क, राज्याचा वस्तू-सेवा कर, वीज शुल्क यांत सवलती घ्याव्यात, अशी ती रचना.

त्याच वर्षी केरळने ‘केरव्हॅन केरला’ जाहीर केले आणि २०२२ च्या सुरुवातीला वागमोनच्या डोंगरात पहिला पार्क सुरू केला. या क्रमाला अर्थ आहे. गाडी स्वतः फिरते, तिला धोरणाची फारशी गरज नसते. पार्क मात्र कोणीतरी जमिनीवर बांधावा लागतो. आपल्याकडे गाड्या पुढे गेल्या आणि पार्क मागे राहिले. त्यामुळे पालघरकडे निघालेली कॅराव्हॅन प्रत्यक्षात ढाब्याच्या आवारात, रिसॉर्टच्या वाहनतळावर किंवा ‘इथे कोणी काही बोलत नाही’ अशा पाण्याकाठच्या पट्टीवर उभी राहते. घोटाळा होतो तो या तिसऱ्या जागेत.

काठावरची सपाट जमीन कोणाची?

धरणाच्या जलाशयाकाठी जमिनीचे दोन पट्टे असतात. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते तिथपर्यंतची जमीन जलसंपदा विभागाने संपादित केलेली असते. पाणी ओसरले की त्यातली बरीच जमीन उघडी पडते. हीच गाळपेर जमीन. वरून पाहिले तर सपाट, गवताळ, थेट पाण्याला लागलेली, म्हणजे चित्रफितीत असते अगदी तशी. पण गाळपेर जमीन हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आहे आणि तिच्यावर पहिला हक्क धरणात जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांचा मानला जातो. तुम्हाला जे गवत दिसते ते कोणाचे तरी पेरलेले शेत असू शकते. नसले तरी एक अडचण उरतेच : वरचा पापुद्रा वाळलेला आणि खाली ओला गाळ. साडेतीन-चार टनांची मागच्या चाकांवर चालणारी गाडी त्यात एकदा रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि रविवारी सकाळी तो ट्रॅक्टर शोधायला ज्याच्या शेतात रुतलात त्याच्याकडेच जावे लागते.

दुसरा पट्टा त्याच्या वरचा, खासगी जमिनीचा. पालघर जिल्ह्याचा जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. गावाच्या हद्दीतील जमीन, पाणी आणि इतर साधनसंपत्तीबाबत ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने घ्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीसारख्या व्यवहाराला त्याखेरीज शासनाची मान्यताही.

याचा एका रात्रीच्या पाहुण्याशी काय संबंध? थेट नाही. एखाद्या शेतकऱ्याने अंगणात गाडी लावू दिली, जेवण दिले आणि त्याचे पैसे घेतले, तर तो भाडेपट्टा होत नाही. पण शहरातल्या कोणी दहा एकर ‘लेकसाइड कॅम्प’ म्हणून चालवायला घेतले असतील, फलक लावला असेल आणि ऑनलाइन आरक्षण सुरू केले असेल, तर ती जमीन त्याच्याकडे कशी आली हे विचारायला हरकत नाही. उत्तर गुळमुळीत आले तर आगाऊ पैसे भरू नयेत. अशा ठिकाणी उद्या महसूल विभागाची नोटीस आली तर चालक नामानिराळा होतो, पैसे अडकतात ते पर्यटकाचे आणि कज्जा मागे लागतो तो सातबारावर नाव असलेल्या माणसाच्या.

डहाणू तालुक्यात आणखी एक थर आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला आणि हिरव्या पट्ट्यातील जमिनीचा वापर बदलण्यावर मर्यादा आल्या. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. याच प्राधिकरणाने वाढवण बंदर १९९८ मध्ये अडवले होते आणि २०२३ मध्ये त्याला संमती दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्ये बंदराचे भूमिपूजनही झाले. सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराला परवानगी मिळते, मग चार गाड्यांच्या पार्कला का नाही, असा प्रश्न स्थानिक तरुण विचारतात आणि तो रास्त आहे. पण परवानगी मागून मिळणे वेगळे आणि न मागता फरसबंदी टाकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा पार्क टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आणि पाणी कोणाचे?

धामणी धरण आणि त्याच्या खालचा कवडास बंधारा मिळून सूर्या प्रकल्प होतो. धामणीचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर. प्रकल्प आखला गेला तो प्रामुख्याने डहाणू, पालघर, विक्रमगड या पट्ट्यातील १४,६९६ हेक्टर जमिनीच्या सिंचनासाठी. पुढे पाण्याला वाटेकरी वाढत गेले. तारापूरची औद्योगिक वसाहत, अणुऊर्जा केंद्र, बोईसर-पालघरची गावे, वसई-विरार आणि आता मीरा-भाईंदर. एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे : १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. वसई-विरारचा टप्पा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, ही तक्रार घेऊन सूर्या पाणी बचाव संघर्ष समिती वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरते आहे.

म्हणजे ज्या काठावर आपण भांडी घासायला बसतो, ते पाणी काही तासांनी वा दिवसांनी कोणाच्या तरी नळाला येणार असते, कदाचित आपल्याच. मीरा रोडचे कुटुंब धामणीच्या काठी साबणाचे पाणी सोडून आले, तर त्यातले थोडे त्याच्या आधी घरी पोहोचेल, असे गमतीने म्हणता येईल. शुद्धीकरण केंद्र मध्ये आहे हे खरे. पण काठच्या पाड्यांच्या आणि त्यांच्या गुरांच्या मध्ये कोणतेही केंद्र नाही.

बोईसरकरांना सांडपाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरकडे समुद्रात जाते आणि त्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले होते. कारखान्याला लावतो तो नियम आपल्या टाकीला लावायची सवय मात्र अजून नाही.

चित्रफितीतले ते वाळवंटी तळेही याला अपवाद नाही. अमेरिकेत नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरचे लेक मीड हे १९३० च्या दशकात हूव्हर धरणामुळे तयार झालेले जलाशय. लास व्हेगास शहराचे बहुतेक पाणी तिथूनच येते. २०२२ च्या जुलैत त्याची पातळी ते भरल्यापासूनच्या नीचांकाला गेली, बुडालेल्या होड्या उघड्या पडल्या आणि होड्या पाण्यात सोडण्याचे उतार बंद करावे लागले. तरीही तिथल्या पार्कमध्ये गाडी लावणे तुलनेने निर्धास्त असते, कारण आखलेल्या जागेवर तीन जोडण्या मिळतात : पाण्याचा नळ, विजेचा खांब, सांडपाण्याची नळी. आपण पाहतो ती चित्रफीत या तीन जोडण्यांवर उभी असते. त्या दृश्यात येत नाहीत, एवढेच.

एका रात्रीचा हिशेब

या जोडण्या नसल्या तर काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. म्हणजे कागदावर २.४ युनिट. इन्व्हर्टरची गळती वगळून हाताला दोन युनिट लागतात. एक टनाचा एसी तासाला साधारण एक ते सव्वा युनिट खातो. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात कॉम्प्रेसर फारसा थांबतही नाही. म्हणजे दीड-दोन तासांत बॅटरी संपली. रात्र अजून आठ तासांची आहे.

छतावरच्या ४०० वॅटच्या सौर पॅनेलवर भिस्त ठेवावी, तर आपल्याकडच्या स्वच्छ दिवशी त्यातून सिद्धांताने दीड ते दोन युनिट मिळतात. आडवे बसवलेले पॅनेल, धूळ आणि उष्णता धरली तर सव्वा-दीड. त्यात काय भागते? २५ वॅटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे अर्धा युनिट. छोटा डीसी फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण. दिवे आणि मोबाइल मिळून पाव. इथेच बेरीज जवळपास पूर्ण झाली. इंडक्शनवर पाऊण तास स्वयंपाक केला की आणखी एक युनिट गेले.

थोडक्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी पंख्यावर झोपता येते, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात १६ अँपिअरच्या सॉकेटशिवाय धरणाकाठी मुक्काम म्हणजे शिक्षा. भाड्याच्या जाहिरातीत ‘पूर्ण वातानुकूलित’ असे लिहिलेले असते ते खरेच असते. फक्त कोणत्या विजेवर, हे लिहिलेले नसते. आरक्षण करताना तीनच गोष्टी विचाराव्यात : बॅटरी किती अँपिअर-अवरची, ती किती वर्षांची आणि बाहेरून वीज घ्यायची केबल सोबत आहे का.

पाण्याचे गणित याहून सोपे आणि जास्त कठोर. शहरी पाणीपुरवठ्याचा मानक हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर. कॅराव्हॅनच्या टाकीत शंभरेक लिटर मावते. चौघांनी एकेक बादली, तीही अर्धवट, आंघोळ केली की ६० लिटर संपले. पिणे-स्वयंपाक २०, भांडी २०. एका दिवसात टाकी कोरडी आणि खालची सांडपाण्याची टाकी जवळपास भरलेली. आंघोळ शेतघरातल्या न्हाणीत केली तर तीच टाकी दोन-तीन दिवस पुरते. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी न्हाणी आणि शौचालय असणे ही चैन नाही. त्यावरच बेत किती दिवसांचा हे ठरते.

शौचालयाच्या पेटीचा प्रश्न वेगळा. त्यात दुर्गंधी मारण्यासाठी रसायन टाकतात. ते सेप्टिक टाकीतल्या मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारते. एखाद्या घराच्या छोट्या टाकीत अशी पेटी न विचारता रिकामी केली तर महिनाभर वास सोसायचा तो त्या घराने. पेटी रिकामी करण्याची सोय कुठे आहे, हे गाडी देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. ‘कुठेही, रात्री’ असे उत्तर मिळाले तर दुसरी गाडी पाहावी, किंवा ते शौचालय वापरायचेच नाही असे ठरवून निघावे. बरीच अनुभवी कुटुंबे तेच करतात.

जनरेटर लावून झोपले तर?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर सुरू होता आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड फटीतून आत शिरला, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला खोकलाही येत नाही.

वरचा विजेचा हिशेब कोरडा वाटला असेल, तर तो इथे येऊन मिळतो. बॅटरी संपते, उकडते, कोणीतरी जनरेटर किंवा इंजिनच सुरू ठेवून खिडक्या लावतो. शेगडी पेटती ठेवून आत झोपणे किंवा थंडीत कोळशाची शेगडी आत घेणे यातही धोका तोच. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा छोटा गजर ऑनलाइन सहज मिळतो. भाड्याच्या गाडीत तो आहे का ते पाहावे, नसेल तर स्वतः न्यावा. जमिनीलगतची आणि छताजवळची अशी दोन्हीकडची हवा खेळती राहील अशी एकेक झडप उघडी ठेवावी. डास येतील. जाळी लावावी.

वाटेतला धोका

मुंबईकडून असो वा बोईसरहून चिल्हार फाट्यामार्गे, धामणीला जायचे तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चारोटीपर्यंत जावे लागते आणि तिथून कासाकडे आत. याच चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या आसनावरच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता आणि दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, तशी ती विरूनही गेली.

कॅराव्हॅनमध्ये ही सवय आणखी सुटते. आत पलंग आहे, ओटा आहे, मुलांना वाटते घरच आहे. मुले पलंगावर लोळत, आई उभ्याने सँडविच करत आणि गाडी ऐंशीच्या वेगात, असे दृश्य महामार्गावर दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरही पट्टा बंधनकारक आहे. चालत्या गाडीत पलंग हे सामान ठेवायचे ठिकाण आहे, माणसांचे नाही. पट्टे असलेली आसने जितकी, तितकीच माणसे न्यावीत. जाहिरातीतला ‘झोपण्याची सोय सहा जणांची’ हा आकडा वेगळा असतो.

समुद्रकाठ बरा नाही का?

केळवे, चिंचणी, डहाणू हे किनारे जवळ आहेत आणि तिथे निवासाच्या सोयीही धरणाकाठापेक्षा जास्त आहेत. पण उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि किनारे उथळ. ओहोटीत कडक वाटणाऱ्या वाळूवर लावलेली गाडी भरतीत अडकते, हे दर मोसमात घडते. गाडी वाळूवर न नेता सुरूच्या बनामागच्या घरगुती निवासाच्या आवारात लावली तर समुद्राचा बेत उलट सोपा पडतो. तारापूर-चिंचणीचा पट्टा अणुऊर्जा केंद्राच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात येतो. त्याने पर्यटकाचे काही अडत नाही, मात्र या भागात ड्रोन उडवण्याचा विचार घरीच सोडून यावा.

पावसाळ्यात यापैकी काहीच नको. धामणीचे दरवाजे उघडले की सूर्याकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. नदीपात्रात किंवा बंधाऱ्याखाली उभ्या असलेल्या पाहुण्याला तो मिळेलच असे नाही. धबधब्यांवर त्या काळात जमावबंदीचे आदेशही निघतात.

मग बेत आखायचा कसा?

उलट्या बाजूने. आधी मुक्काम, मग तारीख, शेवटी गाडी.

मुक्कामासाठी सर्वात व्यवहार्य जागा म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला आपल्या शेतावर असे केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येते. जव्हार, विक्रमगड, डहाणू, पालघर या पट्ट्यात शेतावर मुक्काम देणारी घरे आहेत. नोंदणी आहे का, हे फोनवर विचारता येते. पाणी दारात नसेल, पण अंगण टणक असते. विचारायचे ते हे : फाटकाची रुंदी आणि वरची उंची किती, रात्री १६ अँपिअरचे सॉकेट देता येईल का आणि त्याचे युनिटमागे किती घ्याल, न्हाणी-शौचालय वापरता येईल का, भांड्यांचे पाणी झाडांना सोडले तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक शेतकरी हो म्हणतील, साबण जपून वापरला तर. जलाशय पाहायला सकाळी पायी किंवा गावातल्या रिक्षाने जावे. गाडी अंगणातच राहू द्यावी.

जलाशयाला लागूनच थांबायचे असेल तर जलसंपदा विभागाच्या स्थानिक उपविभागीय कार्यालयात विचारावे. धरणालगतची विश्रामगृहे आणि मोकळ्या जागा पर्यटनासाठी खासगी सहभागातून विकसित करण्याचे या विभागाचे धोरण २०१९ पासून आहे, पण प्रत्येक धरणावर ते पोहोचलेले नाही. भिंत, सांडवा, दरवाजे यांच्या आसपास वाहन नेणे किंवा चित्रण करणे टाळावे. जलाशयात पोहणे तर नकोच. पुणे जिल्ह्यात पवना धरणाच्या काठी गेल्या दशकात तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आणि पोहायला उतरलेल्या तरुणांच्या बुडण्याच्या बातम्याही त्यांच्यासोबतच येत राहिल्या. धरणाचा तळ नदीसारखा हळूहळू उतरत नाही. बुडालेला बांध, विहीर, झाडाचे खोड, काहीही पायाखाली येऊ शकते.

गावात थांबताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत धुंदलवाडीच्या परिसरात लोकांसाठी तंबू ठोकावे लागले. घर असून थंडीत बाहेर झोपण्याची ती वेळ होती. त्या माणसांच्या शेजारी आपण हौसेने बाहेर झोपायला आलेलो असतो. रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवणे, गावातल्या दुकानातून तांदूळ-भाजी-अंडी घेणे आणि पाड्यावरच्या मुलांचे न विचारता चित्रण न करणे, एवढे तरी जमावे.

तारीख डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची बरी; तेव्हा जलाशयात पाणी असते, गाळ कमी उघडा पडलेला असतो आणि पंख्यावर झोप लागते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडावा, कारण महामार्गावर आणि शेतघरांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या खेपेला एकच रात्र ठेवावी. गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्यावी, सर्व टाक्या रिकाम्या आहेत का ते उघडून पाहावे, स्टेपनी आणि जॅक आहे का पाहावे, बॅटरीचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. मुक्कामाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि शेतकऱ्याचा क्रमांक कागदावरही लिहावा. कासाच्या पुढे डोंगरांच्या कुशीत रेंज येते आणि जाते.